ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयाची पर्यावरणपूरक खरेदी: मागणीपत्रापासून माल स्वीकारण्यापर्यंत

निविदेच्या तांत्रिक तपशिलात 'वस्तू पर्यावरणपूरक असावी' अशी एक ओळ असते. पुरवठादार तिच्यापुढे 'होय' लिहितो. ते खोटे ठरवायला खरेदी समितीकडे काही साधन नसते. सर्वांत कमी दराचा माल मंजूर होतो आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या तळाला फाटणाऱ्या पिवळ्या पिशव्या वॉर्डात येऊन पडतात. मग कुणीतरी म्हणते, सरकारी खरेदीत हे जमतच नाही.

जमते. मात्र मोजता येईल अशी अट मागणीपत्रातच लिहावी लागते, आणि माल उतरवून घेताना तीच अट पुन्हा मोजून पाहावी लागते. ती मध्येच कुठे गळते आणि गळू नये म्हणून काय करायचे, हे पुढे क्रमाने दिले आहे. उदाहरणे महाराष्ट्रातल्या ३० ते १०० खाटांच्या शासकीय रुग्णालयांना लागू पडतील अशी घेतली आहेत.

## सुरुवात करण्याआधी टेबलावर काय हवे

मागच्या बारा महिन्यांची वीजबिले, भांडाराची साठा नोंदवही, जैववैद्यकीय कचऱ्याच्या रोजच्या वजनाची नोंदवही, डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) आणि उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयासोबतची खरेदी नियमपुस्तिका, तिच्यातल्या नंतरच्या सुधारणांसह. खरेदीच्या आर्थिक मर्यादा वेळोवेळी बदलतात. जुन्या फाइलमधली मर्यादा उतरवून घेऊ नका, चालू शासन निर्णय पाहा.

माणसे चार हवीत: वैद्यकीय अधीक्षक, भांडारपाल, औषधनिर्माण अधिकारी आणि वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. चौथे नाव बहुतेक ठिकाणी गाळले जाते आणि नेमके तिथेच चुकते. पिशवी कुठे फाटते, कोणता रिमोट हरवतो, कोणते बीपी यंत्र कपाटात पडून आहे, हे सिस्टरना माहीत असते.

वेळेचे गणितही आधी मांडा. निधी फेब्रुवारीत आला आणि तपशील मार्चमध्ये लिहायला घेतला, तर जुना तपशील जसाच्या तसा चिकटवण्यापलीकडे काही होत नाही. तपशील जुलै-ऑगस्टमध्ये लिहून, समितीची सही घेऊन तयार ठेवा. निधी जिल्हा नियोजन समितीचा येवो की रुग्ण कल्याण समितीचा, तयार कागद तेव्हा उपयोगी पडतो.

## टप्पा १: आधी मागणी तपासा

न घेतलेल्या वस्तूइतकी पर्यावरणपूरक वस्तू दुसरी नाही. गोदामात मुदत संपलेली औषधे पिवळ्या वर्गातला कचरा होतात, आणि ती जाळण्याचा खर्च पुन्हा रुग्णालयावरच येतो.

१. सरासरी मासिक खप काढताना ज्या महिन्यांत साठा शून्य होता ते महिने वगळा. वर्षभरात ४८,००० गोळ्या गेल्या, पण चार महिने गोळी नव्हतीच, तर खप महिना ४,००० नाही. ४८,००० भागिले ८, म्हणजे ६,००० आहे.

२. साथ किंवा शिबिरामुळे एखाद्या महिन्यात अचानक वाढलेला खप वेगळा दाखवा. तो सरासरीत मिसळला की पुढच्या वर्षी तेवढा माल पडून राहतो.

३. औषधांच्या अटीत 'पुरवठ्याच्या दिवशी एकूण आयुष्याचा किमान पाच-षष्ठांश भाग शिल्लक असावा' असे लिहा. २४ महिने टिकणाऱ्या औषधाला याचा अर्थ किमान २० महिने शिल्लक.

४. वर्षभराचा माल एकदम न मागवता तिमाही खेपांत मागवा. खेपांचे वेळापत्रक पुरवठा आदेशात तारखांसह द्या.

तपासा: मागणीपत्रातल्या प्रत्येक वस्तूपुढे सध्याचा साठा आणि तो किती महिने पुरेल हे दोन आकडे आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: पहिल्या वर्षी चारच वस्तू निवडा

संपूर्ण खरेदी एका वर्षात हिरवी करायला निघालेली समिती दुसऱ्या बैठकीतच थकते. ज्यांची तपासणी रुग्णालयातच करता येते, अशा वस्तूंपासून सुरुवात करा. आमच्या मते पहिली चार ही: कचऱ्याच्या पिशव्या, छताचे पंखे, एसी, आणि पाऱ्याऐवजी येणारे थर्मामीटर व बीपी यंत्र.

मोठी निदान उपकरणे पहिल्या वर्षी यात घेऊ नका. त्यांची खरेदी बहुधा वरच्या पातळीवरून होते, आणि तिथे तुमच्या हातात असते ते देखभालीच्या अटींवर लेखी सूचना देणे.

## टप्पा ३: पूर्ण आयुष्याचा खर्च मांडा

इथे अडचण खात्यांची आहे. वस्तूची किंमत एका लेखाशीर्षातून जाते, वीजबिल दुसऱ्या. त्यामुळे समितीसमोर फक्त किंमत येते आणि स्वस्त वस्तू स्वस्तच वाटते. दोन्ही आकडे एका कागदावर आणणे हे प्रस्ताव तयार करणाऱ्याचे काम आहे.

पंख्याचे उदाहरण घ्या. वॉर्डातला पंखा दिवसाला १८ तास, वर्षाला ३३० दिवस चालतो असे धरले, तर ५,९४० तास होतात. जुन्या पद्धतीचा पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा ३० वॅटचा. विजेचा दर समजा ९ रुपये युनिट.

- साधा पंखा: वर्षाला सुमारे ४४५ युनिट, म्हणजे ४,०१० रुपये. किंमत १,५०० रुपये धरली तर पाच वर्षांत एकूण सुमारे २१,५५० रुपये.
- बीएलडीसी पंखा: वर्षाला सुमारे १७८ युनिट, म्हणजे १,६०४ रुपये. किंमत ३,००० रुपये धरली तर पाच वर्षांत एकूण सुमारे ११,०२० रुपये.

दुप्पट किमतीचा पंखा पाच वर्षांत निम्म्या खर्चात पडतो. किंमत आणि दर तुमच्या भागातले घाला; पद्धत हीच ठेवा.

इशारा: बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असा दर काढू नका. बिलात स्थिर आकार किंवा मागणी आकार असतो, आणि तो पंखे बदलल्याने आपोआप कमी होत नाही. ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावरचे वीज शुल्क लागू असेल तर तेवढेच धरा. फुगवलेली बचत लेखापरीक्षणात पहिल्यांदा पकडली जाते, आणि मग खरी बचतसुद्धा कुणी मानत नाही.

इशारा: चालण्याचे तास अंदाजाने लिहू नका. कार्यालयातला पंखा आठ तास चालतो, प्रसूती कक्षाबाहेरचा जवळजवळ अखंड. आधी जास्त तास चालणारे पंखे बदला. साहेबांच्या खोलीतला शेवटी.

## टप्पा ४: अट मोजता येईल अशी लिहा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. प्रत्येक अटीला तीन गोष्टी हव्यात: आकडा किंवा स्पष्ट गुणधर्म, तो सिद्ध करणारा कागद, आणि माल आल्यावर तपासण्याची पद्धत. तिन्हींपैकी एक जरी लिहिता येत नसेल, तर ती अट काढून टाका.

### कचऱ्याच्या पिशव्या

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या आणि हातमोजे बंद करायचे होते. त्याची वाढीव मुदत २७ मार्च २०१९ ला संपली. कारण साधे आहे: पिवळी पिशवी कचऱ्यासकट भट्टीत जाते, आणि क्लोरीन असलेले प्लास्टिक जळताना डायॉक्सिन व फ्युरानसारखी विषारी द्रव्ये तयार होऊ शकतात.

चुकीची अट: 'पिशव्या चांगल्या दर्जाच्या व पर्यावरणपूरक असाव्यात.'

बरोबर अट: 'पिशव्या नव्या, पुनर्वापरित नसलेल्या, क्लोरीनविरहित पॉलिमरच्या, जाडी किमान ५० मायक्रॉन, रंग व जैवधोक्याचे चिन्ह नियमांप्रमाणे, मापे ४५ × ६० सेंमी, दर नगावर. एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा क्लोरीन व जाडीचा अहवाल पिशवीच्या नमुन्याचा असावा, कच्च्या दाण्यांचा नसावा.'

एनएबीएल ही प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था. अटीतला 'दर नगावर' हा शब्द सोडू नका. किलोवर दर मागितला आणि नग मोजून वापरले की किती पिशव्या आल्या आणि किती जाडीच्या, याचा ताळमेळ कुणालाच लागत नाही.

### छताचे पंखे

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना बीईईचे (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) तारांकन सक्तीचे आहे. पाच तारे मागा, पण तेवढ्यावर थांबू नका. बीएलडीसी पंख्यात मोटर क्वचित जाते, जातो तो आतला सर्किट बोर्ड, आणि ग्रामीण भागातल्या व्होल्टेजच्या चढउतारात तो लवकर जातो. म्हणून या तीन ओळी घाला: कोणत्या व्होल्टेजपर्यंत चालेल त्याची मर्यादा, बोर्डसह संपूर्ण पंख्याची हमी, जागेवर येऊन बदलून देण्याच्या अटीसह, आणि वेग बदलण्याची सोय भिंतीवरून.

तिसरी ओळ महत्त्वाची आहे. बहुतेक बीएलडीसी पंखे रिमोटवर चालतात आणि जुन्या रेग्युलेटरवर नीट चालत नाहीत. वीस पंख्यांच्या वॉर्डात वीस रिमोट, ते आठवड्यात इकडेतिकडे होतात, आणि नंतर सगळे पंखे एकाच वेगावर फिरत राहतात. भिंतीवरच्या स्विचने वेग बदलणारा प्रकार मागा. बसवताना जुना रेग्युलेटर काढून टाकण्याचे काम पुरवठादाराच्या कामात लिहा.

### एसी

तारे पाहताना लेबलवरचे वर्ष पाहा. एसीचे निकष १ जुलै २०२२ ला कडक झाले तेव्हा आधीचा पाच ताऱ्यांचा एसी चार ताऱ्यांवर आला. गोदामातला जुना माल जुन्या लेबलवर खपवण्याचा प्रयत्न होतो. 'निविदेच्या दिवशी लागू असलेल्या तारांकनानुसार' हे शब्द लिहा. एसीत थंडाव्यासाठी भरलेला वायू आर-३२ किंवा आर-२९० मागा. आर-४१०ए ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट, आर-३२ ची सुमारे ६७५ पट आणि आर-२९० ची अगदी नगण्य आहे. आर-२९० ज्वलनशील आहे, आर-३२ सुद्धा सौम्य ज्वलनशील, म्हणून बसवणी आणि दुरुस्ती कंपनीच्या प्रशिक्षित माणसाकडूनच, अशी अट सोबत हवी.

इशारा: शस्त्रक्रियागृहाची वातानुकूलन यंत्रणा या यादीत घालू नका. तिथे हवेचे बदल आणि गाळणी यांचे निकष वेगळे आहेत. तसेच पाच तारे पाहून घरगुती फ्रिज लसीसाठी घेऊ नका. २ ते ८ अंश तापमान राखण्याचे काम आयएलआरचे (बर्फाचे अस्तर असलेल्या लसीच्या खास फ्रिजचे) आहे.

### थर्मामीटर आणि बीपी यंत्र

'पारा नसलेले' एवढी अट पुरत नाही. डिजिटल बीपी यंत्र आले, पण कफ एकाच मापाचा आणि बॅटऱ्या दोन महिन्यांत संपल्या, तर वॉर्ड पुन्हा पाऱ्याच्या यंत्राकडे वळतो. यंत्रामागे तीन मापांचे कफ (बाल, प्रौढ, मोठा), अडॅप्टर, आणि हमीच्या काळात वर्षातून एकदा प्रमाणपत्रासह कॅलिब्रेशन (यंत्र अचूक मोजते का याची तपासणी), हे सगळे एकाच दरात मागा.

## टप्पा ५: ही अट पूर्ण करणारे किती जण आहेत ते पाहा

तपशील लिहून झाला की मान्यतेला पाठवण्याआधी बाजार पाहा. किमान तीन वेगवेगळे उत्पादक सगळ्या अटी पूर्ण करतात, हे त्यांच्या छापील माहितीपत्रकांसह फाइलला लावा. एकच उत्पादक बसत असेल तर अट कुणाच्या तरी माहितीपत्रकातून उचलली गेली आहे. ती सैल करा. पुढे तक्रार आली तर हा एक कागद समितीला वाचवतो.

मग क्रमाने प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि निधीची उपलब्धता. टप्पा ३ चा खर्चाचा तक्ता प्रशासकीय मान्यतेच्या टिपणीतच जोडा. नंतर जोडलेला तक्ता खुलासा वाटतो.

## टप्पा ६: जेमवर बिड चढवताना

१. वस्तूचा वर्ग जेमवर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर, असेल तर त्याच वर्गात बिड (निविदा) करा. वर्ग असताना एकाच वस्तूची स्वतंत्र बीओक्यू बिड (वस्तूंची यादी स्वतः तयार करून काढलेली निविदा) केली तर ती टिकत नाही.

२. तारे, जाडी, साहित्य हे वर्गातल्या तयार पर्यायांतून निवडा. तिथे केलेली निवड प्रणाली स्वतः तपासते. तेच अतिरिक्त अटींत लिहिले तर तपासणी तुमच्या अंगावर येते.

३. अतिरिक्त अटींत ब्रँड, मॉडेल किंवा उत्पादकाचे नाव लिहू नका. भारतीय मानक उपलब्ध असताना फक्त परदेशी प्रमाणपत्र मागू नका. सोबत समकक्ष भारतीय मानक लिहा.

४. बिडसोबत नमुना मागणे जेमच्या अटींत बसत नाही. त्याऐवजी 'पुरवठा आदेशानंतर पहिल्या खेपेची तपासणी, नापास झाल्यास पूर्ण खेप परत' अशी अट घाला.

५. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या आणि देशी उत्पादनाच्या प्राधान्याला छेद देणारे काही लिहू नका. अशी अट आपोआप रद्द ठरते.

गुणांकन करून हिरव्या वस्तूला जादा गुण देण्याचा मोह साध्या मालाच्या खरेदीत टाळा. गुणांवर वाद होतात. किमान पात्रतेची रेषा उंच ठेवा आणि त्या रेषेवरच्यांत सर्वांत कमी दर घ्या. हे समजायला सोपे आणि टिकायला भक्कम आहे. उपकरण मोठे असेल आणि खरेदी महाटेंडरवर, म्हणजे राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर, होणार असेल, तर दरपत्रकातच हमीनंतरच्या पाच वर्षांच्या सर्वसमावेशक देखभालीचा दर मागा आणि सर्वांत कमी दर किंमत आणि देखभाल या दोन्हींच्या बेरजेवर ठरवा. उपकरण किती टक्के वेळ चालू स्थितीत असावे ही अटही आकड्यात द्या: राष्ट्रीय जैववैद्यकीय उपकरण देखभाल कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयाला ९५ टक्के आणि सामुदायिक आरोग्य केंद्राच्या पातळीला ९० टक्के असे प्रमाण धरले आहे. ग्रामीण रुग्णालय या दुसऱ्या पातळीवर येते.

## टप्पा ७: तांत्रिक छाननी

कागद आला म्हणजे अट पूर्ण झाली, असे धरू नका. प्रत्येक चाचणी अहवालात पाच गोष्टी पाहा: उत्पादकाचे नाव बिडमधल्या नावाशी जुळते का, नमुना कशाचा होता, तारीख कोणती, प्रयोगशाळेची मान्यता त्या चाचणीपुरती आहे का, आणि निष्कर्ष आकड्यात आहे का. 'समाधानकारक' हा निष्कर्ष नव्हे. मान्यतेची व्याप्ती एनएबीएलच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून दिसते. पंखे आणि एसी यांचे मॉडेल बीईईच्या स्टार लेबल अॅपमध्ये शोधा आणि पडद्याची प्रत फाइलला लावा.

तपासा: अपात्र ठरवलेल्या प्रत्येक बोलीदारापुढे तपशिलातल्या नेमक्या अटीचा क्रमांक लिहिला आहे का?

## टप्पा ८: माल उतरवून घेताना

सहा महिन्यांची मेहनत याच दिवशी वाया जाते. टेम्पो दुपारी चारला येतो, भांडारपाल खोकी मोजून सही देतो. जेमवर मालाच्या प्राथमिक पावतीला ४८ तास आणि तपासून स्वीकृतीचे प्रमाणपत्र, म्हणजे सीआरएसी, द्यायला १० दिवस असतात. हे दहा दिवस तपासणीसाठीच आहेत, ते वापरा.

पिशव्यांची वजनाने तपासणी. ४५ × ६० सेंमीच्या पिशवीचे दोन्ही थर धरून क्षेत्रफळ ०.५४ चौरस मीटर होते. ५० मायक्रॉन जाडी आणि पॉलिथिनची घनता घनसेंटिमीटरला साधारण ०.९२ ग्रॅम धरली, तर एका पिशवीचे वजन सुमारे २५ ग्रॅम भरायला हवे. म्हणजे किलोत ४० पिशव्या. औषध विभागाच्या काट्यावर १० पिशव्या ठेवा: २५० ग्रॅमच्या आसपास वजन हवे. किलोत ६० पिशव्या बसत असतील तर जाडी ३३-३४ मायक्रॉनच आहे. वेगवेगळ्या खोक्यांतून, मधल्या थरातून पिशव्या काढा. वरच्या थरात अनेकदा चांगला माल असतो. मापही फुटपट्टीने घ्या, कारण पिशवी ४२ × ५७ करून वजन वाचवले जाते.

क्लोरीनची ज्योत तपासणी. तांब्याची तार ज्योतीत हिरवा रंग जाईपर्यंत तापवा, पिशवीच्या तुकड्यावर टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन असण्याची शक्यता आहे. तुकडा नखाएवढाच घ्या, उघड्यावर करा, धूर हुंगू नका. ही फक्त चाळणी आहे. हिरवी ज्योत दिसली तर नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवा. प्लास्टिकच्या चाचण्यांसाठी छत्रपती संभाजीनगरला सिपेटचे (केंद्र सरकारच्या प्लास्टिक अभियांत्रिकी संस्थेचे) केंद्र आहे. हातमोज्यांवर ही चाचणी करू नका. पावडर नसलेल्या लेटेक्स मोज्यांचा पृष्ठभाग अनेकदा क्लोरीनने धुतलेला असतो आणि चाचणी उगाच हिरवी येते. मोज्यांसाठी साहित्य नायट्राइल किंवा लेटेक्स असल्याचा अहवाल पाहा. विनाइल म्हणजे पीव्हीसी, ते नाकारा.

पंखे. दर खेपेतला किमान एक पंखा ऊर्जामापकाला लावून पूर्ण वेगावर किती वॅट घेतो ते पाहा. ३० वॅटच्या दाव्याला ५० दिसले तर स्वीकृती थांबवा.

बीपी यंत्र. पेट्या उघडून तिन्ही मापांचे कफ आणि अडॅप्टर मोजा. नंतर कळवू म्हणून सोडलेला कफ परत येत नाही.

नापास मालावर नकाराचे कारण अटीचा क्रमांक, मोजलेला आकडा आणि फोटोसह प्रणालीतच नोंदवा. फोनवर सांगितलेल्या तक्रारीला दहा दिवसांनंतर काही अर्थ उरत नाही.

## टप्पा ९: जुने काढताना

नवे पंखे बसले आणि जुने गच्चीवर रचले गेले, तर काम अर्धेच झाले. जेमवर जुन्या वस्तू परत घेण्याची बायबॅक सोय आहे, पण त्याआधी निर्लेखनाची (वस्तू नोंदवहीतून कमी करण्याची) मंजुरी हवी. डेड स्टॉक रजिस्टरवर असलेली वस्तू मंजुरीविना गाडीत चढवली, तर वसुली भांडारपालावर निघते.

विद्युत उपकरणे ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ खाली येतात, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्या आणि पावती ठेवा. रस्त्यावरचा भंगारवाला जास्त भाव देईल, तरीही. यूपीएसच्या बॅटऱ्या वेगळ्या द्या. त्यांना बॅटरी कचऱ्याचे वेगळे नियम आहेत. जुन्या एसीतला वायू हवेत सोडून देऊ नका. तो काढून घेण्याचे काम नव्या एसीच्या पुरवठादाराच्या कामात आधीच लिहिलेले असावे, म्हणजे टप्पा ४ मध्ये.

पाऱ्याची यंत्रे बायबॅकमध्ये देऊ नका, आणि त्यांतला पारा बाटलीत ओतून ठेवू नका. अख्खे यंत्र घट्ट झाकणाच्या न फुटणाऱ्या डब्यात, कुलपाच्या खोलीत ठेवा, संख्या नोंदवा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पत्र देऊन अधिकृत विल्हेवाटदार विचारून घ्या. एखादे फुटलेच तर झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नका. खिडक्या उघडा, माणसे बाहेर काढा, हातमोजे घालून जाड कागदाच्या कडेने थेंब गोळा करा आणि पाणी असलेल्या झाकणाच्या डब्यात भरा.